व्यायाम आणि वेदनासहनशीलता

नियमित व्यायाम आणि वेदनासहनशीलता यांचा परस्परसंबंध हा वेदनाविज्ञान, क्रीडावैद्यक आणि मानसशास्त्र या तीन शाखांच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालवणे किंवा वजने उचलणे यांसारख्या हालचाली दीर्घकाळ सातत्याने करणाऱ्या व्यक्ती, तशा हालचाली न करणाऱ्यांच्या तुलनेत, वेदना अधिक काळ किंवा अधिक तीव्रतेपर्यंत सोसू शकतात असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र वेदना प्रथम जाणवते तो बिंदू व्यायामाने त्यामानाने फारसा सरकत नाही. व्यायाम करणाऱ्याचे शरीर बधिर होत नाही. त्याला वेदना जाणवते, पण ती पेलण्याची त्याची क्षमता वाढलेली असते. हा भेद वरवर सूक्ष्म वाटला तरी जुनाट पाठदुखी व सांधेदुखीच्या उपचारांची गेल्या काही दशकांतील दिशा बऱ्याच अंशी त्यावर उभी आहे.

संज्ञा आणि मापन

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित, अथवा तशा इजेशी साम्य असणारा, अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभव म्हणजे वेदना, असा या व्याख्येचा आशय आहे. तिच्यातील ‘भावनिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चेतातंतूंनी इजेचा संदेश वाहून नेणे ही एक घटना आणि त्या संदेशातून मेंदूत वेदनेचा अनुभव घडणे ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी आणि दुसरीवाचून पहिली घडू शकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी रणांगणावरील गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली तेव्हा वेदनाशामक औषध मागणारे सैनिक अल्पसंख्य होते. त्यांनी हे निरीक्षण १९४६ मध्ये प्रसिद्ध केले.

संशोधनात दोन मोजमापे वेगळी ठेवली जातात. उद्दीपन वाढवत नेताना ते ज्या क्षणी प्रथम वेदनादायक वाटते त्या क्षणाला वेदनेचा उंबरठा म्हणतात. त्यानंतरही उद्दीपन सुरू ठेवल्यास, ‘आता पुरे’ असे व्यक्ती सांगते तिथपर्यंतची मर्यादा म्हणजे वेदनासहनशीलता. उंबरठा बराचसा संवेदनेशी निगडित असतो. सहनशीलतेत मात्र स्वभाव, पूर्वानुभव, अपेक्षा आणि त्या क्षणीची मनःस्थिती यांचाही वाटा असतो.

सहनशीलता मोजण्याच्या पद्धती साध्या आहेत. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून तो किती सेकंद ठेवता येतो हे पाहणे ही त्यांतील सर्वांत प्रचलित पद्धत. ती मुळात १९३० च्या दशकात रक्तदाबाच्या अभ्यासासाठी पुढे आली. दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवायचा व हाताची मूठ उघडमीट करायला लावायची, किंवा बोथट टोकाच्या उपकरणाने स्नायूवर वाढता दाब द्यायचा, अशाही पद्धती आहेत. अशा चाचण्यांतून मिळणारा आकडा निखळ शारीरिक नसतो. १९९१ मधील एका प्रयोगात, चाचणी घेणारी व्यक्ती स्त्री असताना पुरुषांनी कमी वेदना नोंदवल्या. सहनशीलतेचे आकडे वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

एकवेळच्या व्यायामाचा परिणाम

व्यायाम सुरू असताना आणि तो थांबल्यानंतर काही काळ वेदनेची संवेदना मंदावते. या घटनेला व्यायामजन्य वेदनाशमन असे म्हणता येईल. तिचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकाच्या अखेरीस धावपटूंवर सुरू झाला. निरोगी व्यक्तींत हा परिणाम मध्यम ते जोरकस तीव्रतेच्या व्यायामानंतर अधिक ठळक दिसतो आणि साधारणतः काही मिनिटे ते अर्धा तास टिकतो. स्नायू न हलवता नुसता ताणून धरण्याच्या व्यायामानेही तो साधतो. विशेष म्हणजे तो केवळ वापरलेल्या स्नायूपुरता मर्यादित राहत नाही: पायांनी सायकल चालवल्यावर हातावरील दाबाची वेदनाही कमी भासते. यावरून हे नियंत्रण स्नायूत नसून मध्यवर्ती चेतासंस्थेत होत असावे, असा निष्कर्ष निघतो.

जुनाट वेदनेने ग्रस्त असलेल्या अनेक रुग्णांत मात्र हे चित्र बदलते. अंगभर दुखण्याच्या फायब्रोमायल्जियासारख्या विकारात व्यायामानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढल्याचेही दिसते. व्यायामाने बरे वाटेल असे सांगितलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी उलट अनुभव येतो व तो व्यायाम सोडून देतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. त्याची तक्रार आळसाची नसते.

नियमित सरावाचा परिणाम

नियमित सरावाविषयीच्या आरंभीच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. व्हिव्हियन स्कॉट आणि कारेल गाइसबर्स यांनी स्कॉटलंडमधील राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू, क्लबच्या पातळीवरचे जलतरणपटू आणि स्पर्धेत न उतरणारे खेळाडू यांची तुलना केली. तिन्ही गटांच्या उंबरठ्यांत लक्षणीय फरक नव्हता. सहनशीलता मात्र राष्ट्रीय जलतरणपटूंत सर्वाधिक होती. त्याहून बोलका निष्कर्ष असा की त्याच जलतरणपटूंची सहनशीलता वर्षभर एकसारखी नव्हती. कसून सराव चालू असलेल्या काळात ती वाढलेली होती आणि विश्रांतीच्या हंगामात उतरली होती. सहनशीलता हा जन्मजात, कायमचा गुण असता तर ती हंगामासोबत अशी हलली नसती.

२०१२ मध्ये योनास टेझार्झ व सहकाऱ्यांनी पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत एकूण ८९९ व्यक्ती होत्या. खेळाडूंची सहनशीलता सामान्यपणे सक्रिय असलेल्या लोकांपेक्षा सातत्याने जास्त आढळली, तर उंबरठ्याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नव्हते. तथापि अशा तुलनेला एक आक्षेप कायम राहतो. व्यायामाने सहनशीलता वाढते, की मुळातच सोशिक असलेली माणसे खेळात टिकतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर खेळाडू नसलेल्यांना व्यायाम करायला लावून बदल पाहावा लागतो. ऑस्ट्रेलियात मॅथ्यू जोन्स व सहकाऱ्यांनी असा प्रयोग करून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. चोवीस निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी तीस मिनिटे सायकल चालवली. उरलेल्यांनी नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. सहा आठवड्यांनंतर सायकल चालवणाऱ्यांचा उंबरठा होता तिथेच राहिला, पण दंडाला पट्टा आवळून केलेल्या चाचणीत त्यांची सहनशीलता वाढली. दुसऱ्या गटात असा बदल झाला नाही. सराव पायांचा आणि चाचणी हाताची, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते. अभ्यास लहान होता. तरी त्यातून कारण आणि परिणाम यांची दिशा सूचित झाली. २०१७ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात एकाच एकूण प्रमाणाचा व्यायाम दोन प्रकारांनी करवून घेण्यात आला. दमछाक करणाऱ्या जोरकस टप्प्यांत विभागलेल्या व्यायामाने सहनशीलता वाढली. सलग, सौम्य गतीने केलेल्या व्यायामाने ती तितकी वाढली नाही. व्यायामात सोसलेली अस्वस्थता हाच सहनशीलतेचा सराव असावा, या विचाराला त्यामुळे पुष्टी मिळाली.

मोठ्या लोकसमूहावरील पुरावा नॉर्वेतून आला. उत्तर ध्रुववृत्ताच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो या शहरात १९७४ पासून रहिवाशांच्या आरोग्याची पाहणी केली जाते. २००७–०८ आणि २०१५–१६ या दोन फेऱ्यांत सहभागी झालेल्या १०,७३२ प्रौढांची माहिती तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडण्यात आले. सहभागींनी हात सुमारे ३ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. बैठी जीवनशैली असलेल्यांपेक्षा जोरकस व्यायाम करणाऱ्यांचा हात सरासरी सुमारे १६ सेकंद अधिक काळ पाण्यात राहिला. हलक्या हालचाली करणाऱ्यांतही फरक होता, पण तो कमी होता. दोन्ही फेऱ्यांत बैठे राहिलेल्यांपेक्षा, निदान एका फेरीत सक्रिय असलेल्यांची सहनशीलता अधिक होती. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मात्र तो खेळाडूंवर नव्हे तर एका शहरातील सर्वसामान्य प्रौढांवर झाला, हे त्याचे बळ आहे.

कारणमीमांसा

वेदनेचा संदेश त्वचेपासून मेंदूपर्यंत विनाअडथळा जातो ही कल्पना १९६५ मध्ये मागे पडू लागली. त्या वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वारनियंत्रण सिद्धांत’ मांडला. मेरुरज्जूत जणू एक दार असते. खालून येणारे इतर संदेश आणि वरून, म्हणजे मेंदूकडून, येणाऱ्या आज्ञा ते दार कमीअधिक उघडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुखऱ्या जागी चोळल्यावर बरे का वाटते याचे स्पष्टीकरणही त्यातून मिळते. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण मेंदू वेदनेचे नियमन करतो ही मूळ कल्पना टिकली. मध्यमेंदूतील एक भाग आणि मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागातील चेतापेशींचा समूह यांतून मेरुरज्जूकडे उतरणारे मार्ग वेदनेचे संदेश दाबू शकतात, तसेच वाढवूही शकतात. व्यायामाचा प्रभाव प्रामुख्याने याच मार्गांवर पडतो असे मानले जाते.

लोकप्रिय लिखाणात या सर्वाचे श्रेय एकट्या एंडॉर्फिनला दिले जाते. शरीर स्वतः अफूसदृश द्रव्ये तयार करते, हे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी दाखवले आणि त्यानंतर धावपटूंना जाणवणाऱ्या धुंदीचे कारण सापडले असा समज रूढ झाला. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. व्यायामानंतर रक्तातील एंडॉर्फिनचे प्रमाण वाढते हे खरे. परंतु रक्तातील एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. २००८ मध्ये जर्मनीत दहा धावपटूंच्या मेंदूंची प्रतिमाचित्रणाने तपासणी झाली, तेव्हा दोन तासांच्या धावण्यानंतर मेंदूतील काही भागांत अफूसदृश द्रव्ये स्रवल्याची चिन्हे दिसली. उलट २०२१ च्या एका प्रयोगात या द्रव्यांचा मार्ग रोखणारे नॅलट्रेक्सोन हे औषध देऊनही धावणाऱ्यांना आनंदाची भावना झालीच. वेदनाशमनाबाबत अशी अवरोधक औषधे वापरून केलेल्या प्रयोगांचे निकालही परस्परविरोधी आहेत.

दुसरा दावेदार म्हणजे शरीरात तयार होणारी गांजासदृश द्रव्ये. त्यांतील आनंदामाइड या द्रव्याचे नाव संस्कृतमधील ‘आनंद’ या शब्दावरून ठेवले आहे. मध्यम तीव्रतेच्या धावण्याने व सायकल चालवण्याने रक्तातील त्याचे प्रमाण वाढते असे २००३ मध्ये आढळले. हे द्रव्य स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने मेंदूत सहज पोहोचते. २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत धावण्यानंतरचे वेदनाशमन या यंत्रणेवर अवलंबून असल्याचे दिसले.

दीर्घकालीन सरावाबाबत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका व सहकाऱ्यांनी केलेले काम मोलाचे आहे. पिंजऱ्यातील चाकावर काही आठवडे स्वेच्छेने धावलेल्या उंदरांत, नंतर स्नायूंना दिलेल्या उद्दीपनामुळे जुनाट वेदना निर्माण होण्याचे प्रमाण घटले. या उंदरांच्या स्नायूंतील बृहद्भक्षक पेशी दाह वाढवणाऱ्या अवस्थेकडून दाह शमवणाऱ्या अवस्थेकडे झुकलेल्या होत्या. म्हणजे बदल केवळ मेंदूत नव्हे, रोगप्रतिकार यंत्रणेतही घडतो.

रसायनांइतकेच महत्त्व अर्थाला आहे. चढ चढताना मांड्यांत पेटलेली आग आणि रात्री अचानक उठलेली तितकीच तीव्र कळ यांची तीव्रता सारखी असली तरी त्यांचा अनुभव सारखा नसतो. पहिलीचे कारण माहीत असते आणि ती थांबवणे स्वतःच्या हाती असते. नियमित व्यायामातून माणूस ‘दुखते आहे’ आणि ‘बिघडते आहे’ यांत फरक करायला शिकतो. आपण हे पेलू शकतो हा विश्वास वेदनासहनशीलता वाढवतो, हे अल्बर्ट बँड्युरा व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. सोबतीचाही परिणाम होतो. ऑक्सफर्डच्या नौकापटूंनी एकट्याने वल्ही मारली तेव्हापेक्षा सर्वांनी एकतालात मारली तेव्हा त्यांचा वेदनेचा उंबरठा अधिक वाढला, असे २०१० च्या एका अभ्यासात दिसले. दोन्ही वेळा श्रम जवळपास सारखेच होते.

जुनाट वेदना आणि विश्रांती

पाठ धरली की पडून राहावे, हा सल्ला घरातून आणि पूर्वी दवाखान्यातूनही मिळत असे. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या रुग्णांच्या एका गटाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस अंथरुणावर विश्रांती घेण्यास सांगितले. दोन दिवसांच्या गटाची प्रकृती तितकीच सुधारली आणि त्यांचे कामाचे दिवसही कमी बुडाले. त्यानंतर दीर्घ विश्रांतीचा सल्ला हळूहळू मागे पडला.

विश्रांती अपायकारक कशी ठरते, हे ‘भीती आणि टाळाटाळ’ या प्रतिमानाने स्पष्ट होते. वेदना म्हणजे इजाच, असे मानणारा रुग्ण वाकणे टाळतो, मग जिना टाळतो, मग बाहेर पडणे टाळतो. स्नायू दुबळे होतात, झोप बिघडते, मन खचते, आणि पूर्वी सहज सोसली जाणारी हालचालही दुखू लागते. दुखण्यामुळे टाळलेली हालचाल दुखणे वाढवते. हे चक्र तोडण्यासाठी व्यायाम अगदी कमी मात्रेपासून सुरू करून, बऱ्या दिवशी अतिरेक न करता व वाईट दिवशी पूर्ण न थांबवता, ठरलेल्या टप्प्यांनी वाढवला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत वेदना किंचित वाढू शकते, हे रुग्णाला आधीच सांगणे उपचाराचाच भाग समजले जाते.

कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये प्रौढांमधील जुनाट वेदना व व्यायाम या विषयावरील २१ आढाव्यांचा एकत्रित परामर्श घेतला. वेदनेची तीव्रता व कार्यक्षमता यांत सुधारणा दिसली, पण ती लहान ते मध्यम होती आणि पुराव्याचा दर्जा बहुतांशी कमी होता. गंभीर अपाय क्वचितच नोंदले गेले. कंबरदुखीविषयीच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्यांचा समावेश होता. त्यात उपचार न घेण्याच्या तुलनेत व्यायाम बहुधा परिणामकारक असल्याचे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही व्यायामाचा समावेश आहे. व्यायाम वेदना नाहीशी करतो असा दावा यांपैकी कोणीही केलेला नाही.

मानसिक स्वास्थ्य

वेदना, झोप आणि मनःस्थिती ही एकमेकांत गुंतलेली असतात. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवते, वेदनेने झोप उडते, आणि दोन्हींमुळे खिन्नता वाढते. व्यायाम या साखळीला एकाच वेळी अनेक ठिकाणी स्पर्श करतो. १९९९ मध्ये जेम्स ब्लुमेंथल व सहकाऱ्यांनी नैराश्याचे निदान झालेल्या १५६ मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींवर अभ्यास केला. सोळा आठवड्यांच्या अखेरीस व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा सर्ट्रालीन हे औषध घेणाऱ्यांइतकीच होती, मात्र औषधाचा परिणाम अधिक लवकर सुरू झाला. नॉर्वेतील ३३,९०८ प्रौढांचा अकरा वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला एक तासाइतका थोडा व्यायामही भावी नैराश्याच्या कमी प्रमाणाशी निगडित आढळला.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे.

श्रम आणि व्यायाम

वरील निष्कर्ष प्रामुख्याने फावल्या वेळेतील, स्वेच्छेने केलेल्या व्यायामाला लागू होतात. भारतात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, महाराष्ट्रासह तमिळनाडू, झारखंड व चंडीगड येथील १४,२२७ व्यक्तींच्या पाहणीत ५४.४ टक्के लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत निष्क्रियतेचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा शहरांत जास्त होते. फावल्या वेळेत व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण मात्र एकूणच दहा टक्क्यांहून कमी होते. म्हणजेच जे सक्रिय होते त्यांची बहुतेक हालचाल कामातून होत होती.

कामातील हालचाल आणि व्यायाम यांत शरीर सारखेच वापरले जात असले तरी परिस्थिती निराळी असते. मराठवाड्यातून दरवर्षी साखर कारखान्यांच्या परिसरात जाणारे ऊसतोड मजूर दिवसभर वाकून कोयता चालवतात आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत चढवतात. वारंवार वाकणे व जड ओझे उचलणे ही कंबरदुखीची परिचित कारणे आहेत. व्यायाम करणारा दमल्यावर थांबतो, भार ठरवतो, दुसऱ्या दिवशी विश्रांती घेतो. मजुराच्या हाती यांपैकी काहीच नसते. खाडा केला की मजुरी कापली जाते. अशा माणसाच्या सोशिकतेला व्यायामाचे फळ म्हणता येत नाही, आणि तो तक्रार करत नाही यावरून त्याला वेदना नाही असा अर्थ काढणेही चुकीचे ठरते.

मर्यादा आणि धोके

अनोळखी व्यायामानंतर साधारण एक ते तीन दिवसांत स्नायू दुखू लागतात. स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा व त्यानंतरची दाहक्रिया यांच्याशी हे दुखणे जोडले जाते. लॅक्टिक आम्ल साचून राहिल्याने ते होते, ही समजूत आता मान्य नाही. हे दुखणे आपोआप शमते. मात्र एकाच बिंदूवर टोचणारे, व्यायाम सुरू ठेवल्यास वाढत जाणारे व विश्रांतीतही न थांबणारे दुखणे हाडातील ताणजन्य भेगेचे लक्षण असू शकते. लांब पल्ल्याचे धावपटू अशी भेग अनेकदा उशिरा दाखवतात, कारण सोसण्याची सवय त्यांना थांबू देत नाही.

श्रमाच्या वेळी छातीत दडपण येऊन वेदना डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, पाठदुखीसोबत पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील नियंत्रण सुटणे, तसेच ताप वा अकारण वजनघट यांच्यासह येणारी रात्रीची वेदना ही सहनशीलतेने पेलण्याची दुखणी नव्हेत. त्यांत तातडीने वैद्यकीय तपासणी करावी लागते. मधुमेहात चेतातंतू क्षीण झालेल्या रुग्णांना हृदयविकाराची वेदना किंवा पायाची जखम जाणवतही नाही. अशांच्या बाबतीत वेदना नसणे हे सुरक्षिततेचे चिन्ह मानता येत नाही, आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वी पायांची व हृदयाची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.